बुटांसकट

“शिन्या, हा कोळसा चपलांच्या कपाटात काय करतोय रे?”

आई दारातल्या कपाटासमोर उकिडवी बसली होती. तिच्या हातात शेजारच्या हायामीसाननी दिलेली बांबूची परडी होती. परडीत पांढऱ्या कागदावर कोळशाचे तुकडे ओळीनं मांडलेले, देवघरात ठेवावेत इतके नीटनेटके.

“वास शोषून घेतो म्हणे. इथं तसा ठेवतात.”

“बुटांच्या वासाला कोळसा आहे, आणि बाळंतिणीच्या खोलीत नाही,” आई म्हणाली. “धन्य आहे तुझ्या जपानची.”

आता काही खरं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. आई फलटणहून कानाझावाला आली ती मृणालचं बाळंतपण करायला. मृणालला आई नव्हती, त्यामुळे माहेरची सगळी जबाबदारी आईनं आपण होऊन अंगावर घेतली होती. बॅगेत ओवा, बाळंतशेपा, वेखंड, सुंठ, अळीव, डिंकाचे लाडू, सगळं भरून आणलं होतं. कस्टमच्या माणसानं वेखंडाचा तुकडा नाकाशी नेऊन जो चेहरा केला, तो ती येईल त्याला करून दाखवायची. एक कोळसाच तेवढा विमानात चालत नव्हता. आणि आता तो चक्क घरातच सापडला.

आईचं आणि त्या शहराचं सुरुवातीपासूनच जमत नव्हतं, पण भांडणही नव्हतं. फेब्रुवारीचं बर्फ पडायचं, आणि ते वितळावं म्हणून रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून जमिनीतलं पाणी दिवसभर उडत राहायचं. “आमच्याकडे टँकर येतो, आणि इथं रस्त्याला आंघोळ!” असं म्हणून ती खिडकीत उभी राहून ते पाहत बसे. लाल दिव्याला एकटाच माणूस मोकळ्या रस्त्याच्या कडेला बर्फात थांबलेला दिसला, की ती वरून ओरडायची, “अरे, जा की बाबा, कुणी नाहीये!” तो बिचारा वर बघून वाकून नमस्कार करायचा. मला ती शिन्या म्हणते हे ऐकून माझ्या कंपनीतले लोक मात्र भलतेच खूश होते. शिन्या हे त्यांच्याकडचं नाव. श्रीनिवासाचा शिन्या कसा होतो, हे मी कधी कुणाला समजावायला गेलो नाही.

तिचा खरा राग होता तो दारांवर. सगळ्यांची दारं बंद. “माणसं आत आहेत की गेली, काही कळायला मार्ग नाही,” म्हणून ती आमच्या दारात एक चप्पल अडकवून ते कायम फटभर उघडं ठेवायची. मी बंद करून यायचो, ती उघडायची.

त्या फटीतूनच हायामीसान पहिल्यांदा दिसल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, वाचनालयातून निवृत्त होऊन एकट्याच राहणाऱ्या. बाळाला घरी आणलं त्या संध्याकाळी त्या लहान मुलाचे मोजे घेऊन आल्या आणि दाराच्या आत, जिथं बूट काढतात त्या फरशीवरच उभ्या राहिल्या. त्यापुढे एक पायरी, आणि मग घर. आईनं त्यांचा हात धरून ओढला. “या की आत! बाळ बघा! चहा घ्या!” हायामीसान मागे सरकत, वाकत, हसत राहिल्या. म्हणाल्या, नको, बाळंतिणीला त्रास होईल. आणि तिथूनच गेल्या.

“उंबऱ्यावरून परत गेली,” आई म्हणाली. तिला ते मनापासून लागलं. “कपाळाला कुंकवाचं बोटही लागू दिलं नाही.”

“आई, इथं असंच असतं. बोलावल्याशिवाय कुणी आत येत नाही, आणि बोलावलं तरी येत नाही.”

“मग बारशाला कोण येणार?” आईनं विचारलं. “आणि आत्या? तुला एक बहीण असती तर...” हे वाक्य ती बाळ जन्मायच्या आधीपासून रोज म्हणत होती. नाव कानात सांगायला आत्या लागते, आणि मी एकुलता एक. फोनवरून चुलतबहिणीला सांगायला लावू, असं मी सुचवून पाहिलं होतं. तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

तर तो शनिवार होता. मी घरी, मृणाल गादीवर, बाळ आईच्या मांडीवर. आईनं कोळसा गॅसवर धरून फुलवला, लोखंडी तव्यात ठेवला आणि तवा खोलीच्या मधोमध आणला. खाली फरशी नव्हती, तर तातामी होती, म्हणजे तिथल्या घरात जमिनीला जमीन म्हणून बसवलेल्या गवताच्या जाड चटया. तव्याखाली मी पाट ठेवला, एवढी अक्कल मला होती.

“करारात विस्तव पेटवायचा नाही असं लिहिलंय,” मी म्हटलं.

“पेटवतंय कोण? धुरी देतेय.”

“आई, थोडीच करा हं,” मृणाल म्हणाली. तिलाही ती शेकाची ऊब हवीच होती.

आईनं ओवा टाकला, लसणीची सालं टाकली, वेखंडाची चिमूट टाकली. फलटणच्या घरात तो धूर कौलांतून निघून जातो. इथं त्याला जायला जागाच नव्हती. पाहता पाहता खोली भरली. मी खिडकी उघडायला धावलो, तर ती बर्फानं घट्ट बसलेली. धुरानं आपली वाट आपणच शोधली, आईच्या चपलेनं ठेवलेल्या फटीतून, बाहेरच्या सामायिक गॅलरीत. आई मात्र शांतपणे बाळाला दोन्ही हातांवर पालथं धरून धुरावरून इकडून तिकडे नेत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

तेवढ्यात साऱ्या इमारतीत कानठळ्या बसवणारी घंटा सुरू झाली.

आणि दार धाडकन उघडलं. हायामीसान होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, अंगात एप्रन, पायात गुडघ्यापर्यंतचे बर्फातले रबरी बूट. त्या त्याच बुटांनी पायरी चढल्या, तातामीवरून धावत आल्या, आईच्या हातांतून बाळ अक्षरशः हिसकावून घेतलं, ते एप्रनमध्ये गुंडाळलं आणि आल्या तशा बाहेर पळाल्या.

“अगं बाई! माझी नात!” आई ओरडली आणि अनवाणी त्यांच्या मागे धावली.

बाहेरचं दृश्य मी कधी विसरणार नाही. इमारतीतले सगळे लोक जिन्यावर एका रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या पाठीला संकटात न्यायची तयार पिशवी, कुणाचाही आवाज नाही, धक्काबुक्की नाही. खालच्या अंगणात बर्फात हायामीसान बाळाला छातीशी धरून उभ्या, आणि आई त्यांच्या बाहीला लोंबकळत मराठीत त्यांना जाब विचारत होती. बाळ तेवढं निवांत झोपलं होतं. धुरी अंगी लागली होती म्हणायची.

बंब आला. शिरस्त्राण घातलेले चार जण आमच्या खोलीत गेले आणि तवा घेऊन बाहेर आले. त्यांच्या साहेबानं तव्यातल्या ओव्याचा वास घेतला.

“हे काय आहे?”

“औषध,” मी म्हटलं. “बाळासाठी. आमच्याकडे असं करतात.”

त्यानं बाळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा तव्याकडे पाहिलं. “आग नाही, हे बरं झालं,” असं अगदी गंभीरपणे म्हणाला आणि तवा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

सगळे पांगल्यावर घरमालक कितामुरासान माझ्याजवळ आले. ते तळमजल्यावरच राहायचे, रोज सकाळी सगळ्यांच्या वाटेवरचं बर्फ स्वतः काढायचे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “आज सगळ्यांना त्रास झाला. मी इतरांशी बोलतो. संध्याकाळी आपण भेटू.”

तिथं राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ही जागा मिळण्याआधी किती दलालांनी माझं नाव ऐकून दातांतून हवा आत ओढली होती आणि ‘सध्या जरा कठीण आहे’ म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. ओली बाळंतीण, आठ दिवसांची मुलगी, बाहेर गुडघाभर बर्फ. कितामुरासाननी जागा सोडायला सांगितली, तर आम्ही जायचं कुठं?

घरात आई भिंतीला टेकून बसली होती. “माझ्यामुळं झालं,” एवढंच म्हणाली. डबाभर ओवा तिनं बॅगेत तळाशी घालून ठेवला होता. मी फडकं ओलं करून आणलं. तातामीवर दारापासून गादीपर्यंत हायामीसानच्या बुटांचे काळपट ठसे उमटले होते.

“ते राहू दे,” आई म्हणाली.

“अगं, गवताची चटई आहे, डाग बसेल.”

“राहू दे म्हटलं ना.”

मला वाटलं तिला काही सुचत नाहीये. मी फडकं ठेवलं आणि माझ्या खात्यातल्या ओगुचीला फोन लावला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, “आजच्या आज प्रत्येक दारात जा. मिठाईचा डबा घेऊन. कारणं सांगू नकोस, फक्त वाक. आणि आईंना बरोबर ने.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी डबे आणले, फिक्या हिरव्या कागदात बांधलेले. मग आईला वाकायला शिकवू लागलो.

“अरे, मी वाकते ती देवापुढं नाहीतर केर काढताना,” ती म्हणाली. पण शिकली. “सुमिमासेन”, म्हणजे माफ करा, हा शब्दही शिकली. तिच्या तोंडी तो भाजीवालीशी घासाघीस केल्यासारखा यायचा. त्याला काही इलाज नव्हता.

पहिलं दार निशिनो आजोबांचं. आम्ही दोघं कमरेत वाकलो. “अरे अरे,” ते गडबडले, “पुन्हा कशाला? एका दिवसात दोनदा म्हणजे फारच झालं.” मला काही कळलं नाही. मला वाटलं, दोनदा म्हणजे एकदा घंटा आणि एकदा आम्ही.

दुसऱ्या दारात एक तरुण बाई होती, कडेवर मूल. तिनं आमचा डबा घेतला आणि बुटांच्या कपाटावर ठेवला. तिथं आधीच एक डबा होता. तसाच, त्याच दुकानाचा, त्याच फिक्या हिरव्या कागदात. “बाळ बरं आहे ना?” तिनं विचारलं. “धुरानं बाळाची सर्दी जाते म्हणे तुमच्याकडे?”

हे हिला कुणी सांगितलं?

तिसऱ्या दारातही तोच हिरवा कागद. आईनं मला कोपरानं ढोसलं. “शिन्या, आपल्या आधी कुणीतरी फिरून गेलंय.”

कितामुरासानचं दार शेवटी ठेवलं होतं. तिथं जायचा धीर होत नव्हता म्हणून. आम्ही वाकलो आणि वाकलेलेच राहिलो. वरून त्यांचा आवाज आला.

“हायामीसान दुपारी येऊन गेल्या. सगळ्यांकडे गेल्या. म्हणाल्या, चूक माझी. नीट न बघता घंटा दाबली. त्या घरी आजी आल्यात, त्या बाळाला त्यांच्याकडचं औषध देत होत्या. मी लोकांना उगाच बर्फात उभं केलं. त्या घराला काही बोलायचं असेल, तर आधी मला बोला.”

मी मान वर केली. कितामुरासान माझ्याकडे न बघता बुटांच्या कपाटाकडे बघत होते. “त्या इतकी वर्षं इथं राहतात. आजपर्यंत माझ्याकडे काही मागायला आल्या नव्हत्या.” मग घसा साफ करून म्हणाले, “खोलीत विस्तव नको. पुन्हा कधीच नको. धूर करायचा असेल, तर खाली माझ्या सायकलच्या शेडमध्ये करा. मला आधी सांगा, मी तिथलं बर्फ काढून ठेवीन.”

“म्हणजे आम्ही राहू शकतो?”

“बाळाला घेऊन कुठं जाणार?” ते म्हणाले. जणू मीच काहीतरी वेडगळ बोललो होतो.

मी आईला सांगितलं तेव्हा तिनं जिन्याच्या कठड्याला धरलं. परक्या गावात आमच्यासाठी कुणीतरी दारोदार वाकून आलं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

हायामीसानच्या दारावर मी टकटक केली. दार उघडलं, आणि आम्ही वाकायच्या आतच त्या गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ टेकवून बोलू लागल्या. हुंदका आवरल्यासारख्या तुटक तुटक बोलत होत्या.

“काय म्हणतेय?” आईनं विचारलं.

“म्हणतात, बुटांसकट तुमच्या घरात शिरले. तातामीवर बूट घालून चालले. असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. बाळ आत आहे, एवढंच डोक्यात होतं. याबद्दल मला माफ करा.”

आई पुढे झाली. मग तीही खाली बसली, हायामीसानच्या समोर, फरशीवर.

“अरे, परवा ही बाई हाताला धरून ओढली तरी आत येईना,” ती मला म्हणाली, पण बघत त्यांच्याकडेच होती. “आणि आज, आग लागलीय असं समजून, त्या आगीत घुसली. बूट काढायलाही थांबली नाही. कुणासाठी रे? हिचं कोण लागतं आपण?” ती माझ्याकडे वळली. “तिला सांग, बारशाला ये म्हणावं. आत्या म्हणून ये.”

आत्या म्हणजे काय हे मी त्यांना सांगू लागलो. शेवटी म्हटलं, “माझी बहीण म्हणून या.”

बारशाआधी घरात एक मोठा निर्णय झाला. आईनं मुलीचं नाव कधीच ठरवून ठेवलं होतं, वल्लरी. फलटणमध्ये सगळ्यांना सांगूनही झालं होतं. ते हायामीसानना म्हणता येईना. दोन दिवस त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. जिन्यात भेटलो तरी पुटपुटत असायच्या.

“बदला नाव,” आई म्हणाली.

“आई, अहो, तुमच्या आवडीचं नाव आहे,” मृणाल म्हणाली.

“आत्याला घेता येत नाही ते नाव काय करायचंय? सई ठेवू. आमच्या फलटणच्या सईबाईंचं. म्हणायला लावून बघ.”

हायामीसान पहिल्याच दमात म्हणाल्या, “सई.” आणि मग पुन्हा म्हणाल्या, कुणी न सांगता.

बारशाला त्या राखी रंगाचा किमोनो घालून आल्या. सपाता काढून, वाकून, त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवली आणि पांढऱ्या स्वच्छ मोज्यांनी पायरी चढून आत आल्या. या वेळी कुणालाही ओढावं लागलं नाही. छताला हूक नव्हता, म्हणून कपडे वाळत घालायच्या टोपलीला आईची जरीची साडी बांधून पाळणा केला होता. आईनं एक बाजू धरली, मृणालनं दुसरी. आईनं तिच्या बऱ्यापैकी बेसूर आवाजात पाळणा म्हटला. मग हायामीसान टोपलीवर वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजल्या, “सई.”

“कुर्र!” आई आणि मृणाल एकदम ओरडल्या, आणि आईनं त्यांच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

मी सगळं शिकवलं होतं, आणि हे सांगायचंच विसरलो होतो! ज्या गावात माणसं एकमेकांच्या हाताला हात लावत नाहीत, तिथं वर्षानुवर्षं पुरण वाटलेल्या हाताचा तो धपाटा. हायामीसान टोपलीच्या काठाला धरून तशाच राहिल्या. मी घाईघाईनं माफी मागू लागलो, हा रिवाज आहे, आत्याला मारतातच, राग मानू नका.

त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते. अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, “एकदाच असतं का?”

“काय म्हणते?” आईनं विचारलं. मी सांगितलं.

“सांग तिला, जितके जास्त तितकं पोरीचं नशीब मोठं.” असं काही नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. हायामीसाननी पाठ पुढे केली. आईनं दुसरा धपाटा हलकाच मारला, आणि मग तिचा हात तिथंच राहिला.

लाडू खाऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक ओलं फडकं काढलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेलं. त्या गुडघ्यांवर बसून तातामीवरचे आपले ठसे शोधू लागल्या, आणि थबकल्या. प्रत्येक ठशावर हळद आणि कुंकू वाहिलेलं होतं. दारापासून गादीपर्यंत, एकेका पावलावर एकेक चिमूट. सकाळी आंघोळ करून आईनं ते केव्हा केलं, मलाही कळलं नव्हतं.

“हे काय आहे?” त्यांनी मला विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती खरकटी ताटं उचलत होती.

“आमच्याकडे एक सण असतो,” मी म्हटलं. “त्या दिवशी देवी घरी येते. तेव्हा दारापासून आतपर्यंत तिची पावलं काढतात आणि त्यांच्यावर हळद-कुंकू वाहतात.”

हायामीसान फडकं खाली ठेवून एका ठशावर वाकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “पण हे तर बूट आहेत. तुमची देवी बूट घालते?”

मी आईला सांगितलं. आईनं ताटं खाली ठेवली, पदराला हात पुसले.

“घाईत असली तर घालते म्हणावं.”

मी तसंच्या तसं सांगितलं. हायामीसाननी तोंडावर हात नेला, पण तोवर उशीर झाला होता. त्या मोठ्यानं हसल्या, अगदी रडू येईपर्यंत. इतक्या पातळ भिंती होत्या आमच्या, पण त्यांचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.